तारण : सराफाकडचं आणि चर्चमधलं

तालुक्याच्या गावी बाजारपेठेतून चालताना एक पाटी हमखास दिसते : 'सोने तारण कर्ज त्वरित मिळेल'. त्या गावात मिशनच्या काळातलं चर्च असलं, तर त्याच्या भिंतीवर दुसरी पाटी असते : 'प्रभू येशू तारणारा'. दोन्ही पाट्या डोळ्यांना इतक्या सरावाच्या झालेल्या असतात, की एकच शब्द दोन्हीकडे काय करतोय असा प्रश्न पडत नाही. पेढीवर तारण म्हणजे कर्जापोटी अडकवून ठेवलेला ऐवज. चर्चमध्ये तारण म्हणजे सुटका, उद्धार. एकीकडे अडकणं, दुसरीकडे सुटणं.

शब्दाची गंमत बाजूला ठेवू, कारण खरं कोडं त्यामागे आहे. येशूला खिळे ठोकून मारलं, त्या दिवसाला इंग्रजीत 'गुड फ्रायडे' म्हणतात आणि मराठी ख्रिस्ती मंडळी 'उत्तम शुक्रवार' किंवा 'शुभ शुक्रवार' म्हणतात. जर्मन लोक त्याला शोकाचा शुक्रवार म्हणतात, ग्रीक लोक महाशुक्रवार. ती नावं आपल्याला पटकन पटतात. पण देहदंडाचा दिवस 'उत्तम' कसा? श्रद्धावंत सांगतो, त्या मरणानं आमची सुटका झाली म्हणून. मग पुढचा प्रश्न येतो. एकानं वेदना सोसली आणि दुसरा सुटला, म्हणजे नेमकं काय झालं? 'करावे तसे भरावे' या हिशेबात वाढलेल्या आपल्याला हे जास्तच अवघड जातं. ज्याचं कर्म त्याचा भोग, त्यात तिसरा कुठून आला?

विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. ही कल्पना आतून कशी चालते, एवढं समजून घ्यायला विश्वासाची अट नाही.

गहाण पडलेलं वतन

ज्यूंच्या धर्मग्रंथात, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्यात, 'गोएल' नावाचा एक माणूस भेटतो. लेवीय या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात त्याचं काम सांगितलं आहे. एखाद्यानं गरिबीपायी आपली जमीन विकली, तर जवळच्या आप्तानं पुढे होऊन ती सोडवायची. हलाखी इतकी वाढली की माणसानं स्वतःलाच परक्याच्या घरी विकलं, तर भाऊ, चुलता, चुलतभाऊ यांपैकी कोणीतरी पैसे मोजून त्याला परत आणायचं. हा सोडवून आणणारा आप्त म्हणजे गोएल.

रूथच्या गोष्टीत हा व्यवहार प्रत्यक्ष होताना दिसतो. बेथलेहेममध्ये नामी नावाची विधवा आणि तिची विधवा परदेशी सून रूथ परत येतात. जमीन सोडवायची आहे. जवळचा एक नातेवाईक आधी हो म्हणतो. जमिनीबरोबर रूथची जबाबदारीही येते हे कळल्यावर मात्र आपल्याच वतनाला धक्का लागेल म्हणून तो मागे सरतो. (भाऊबंद सगळीकडे सारखेच.) मग बवाज नावाचा दुसरा आप्त पुढे होतो, जमीन सोडवतो आणि रूथशी लग्नही करतो.

या साध्या व्यवहारात पुढच्या सगळ्या धर्मविचाराचा साचा आहे. अडकलेला माणूस स्वतःच्या बळावर सुटू शकत नाही, कारण देण्यासारखं त्याच्याकडे काही उरलेलंच नसतं. सोडवणाऱ्याच्या पदराला खार लागते. आणि सोडवणारा नात्यातला असावा लागतो, वाटेवरचा कोणीही उठून गोएल होत नाही. आईचं मंगळसूत्र पेढीवरून सोडवून आणणाऱ्या थोरल्या मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मिसरच्या गुलामगिरीतून इस्राएली लोक सुटले, तेव्हा त्यांनी देवालाच आपला गोएल म्हटलं. ख्रिस्ती विचार त्याच्या पुढचं पाऊल टाकतो. गोएल नात्यातला हवा, तर माणसाला सोडवण्यासाठी देवाला माणसाच्या नात्यात यावं लागणार, म्हणजे माणूस होऊन जन्मावं लागणार. नाताळ आणि उत्तम शुक्रवार यांचा सांधा असा आहे.

नव्या करारात हीच गोष्ट सांगताना जो ग्रीक शब्द येतो, तो गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजलेल्या रकमेचा. मराठी बायबलनं त्यासाठी 'खंडणी' हा शब्द घेतला. आज तो वाचताना पोलीस ठाण्यातला गुन्हा आठवतो, याला भाषांतरकारांचा इलाज नाही. पण अर्थ अचूक आहे : ओलीस धरलेल्याला सोडवायला मोजावी लागलेली किंमत.

दोन बोकड

दुसरा धागा यज्ञाचा. ज्यू परंपरेत वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचा दिवस पाळत. लेवीयच्या 16 व्या अध्यायात त्याचा विधी आहे. दोन बोकड आणायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी द्यायचा आणि त्याचं रक्त परमपवित्र स्थानात शिंपडायचं. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजकानं दोन्ही हात ठेवायचे, लोकांची पापं बोलून दाखवायची आणि त्याला रानात नेऊन सोडायचं. इंग्रजीत दुसऱ्याच्या चुकांचं खापर ज्याच्यावर फुटतं त्याला जो 'स्केपगोट' शब्द आहे, तो या जिवंत सुटलेल्या बोकडावरून आला. आपला 'बळीचा बकरा' मरतो. लेवीयमधला तो मात्र मरत नाही, ओझं घेऊन दिसेनासा होतो.

इथे एक बारीक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या यज्ञात प्राण्याच्या वेदनेला काहीही किंमत नाही. रक्त महत्त्वाचं, कारण रक्तात जीव असतो अशी समजूत. अर्पण होतो तो जीव. प्राण्याचे हाल केल्यानं यज्ञ जास्त पुण्याचा झाला, असं त्या ग्रंथात कुठेही म्हटलेलं नाही. मग वेदना या कथेत आली कुठून?

ती आली यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातून. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम उद्ध्वस्त केलं, मंदिर जाळलं, लोकांना धरून नेलं. त्या हद्दपारीशी जोडलेल्या भागात, 53 व्या अध्यायात, देवाच्या एका सेवकाचं चित्र येतं. तो कुरूप झालेला, टाकून दिलेला, मार खाल्लेला आहे. पाहणाऱ्यांना वाटतं, यानं काहीतरी पाप केलं असणार म्हणून देव याला शिक्षा देतोय. मग त्यांच्या लक्षात येतं की तो जे सोसतोय ते आपलं आहे. हा सेवक म्हणजे इस्राएल लोकच, असा अर्थ ज्यू परंपरेत रूढ झाला. ख्रिस्ती लोकांनी त्यात येशू पाहिला. अर्थ कोणताही घ्या, एक मोठी उलथापालथ इथे झाली : दुःखी माणूस म्हणजे पापी माणूस, हा सोपा हिशेब मोडला.

तोच हिशेब ईयोबाच्या पुस्तकातही मोडतो. ईयोब सज्जन आहे, तरी त्याचं सगळं जातं. मित्र येऊन त्याला पटवत राहतात की तुझं कुठेतरी चुकलं असणार. शेवटी देव मित्रांनाच चूक ठरवतो. आणि योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? आपल्या शेजारच्या आजींनीही हाच प्रश्न विचारला असता, फक्त गेल्या जन्माचा पर्याय धरून. येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो.

खिळ्यांचं मरण

मराठी ख्रिस्ती भाषेत त्या लाकडाला दोन शब्द आहेत. वसईकडचे कॅथलिक 'क्रूस' म्हणतात, गोव्यात तोच 'खुरीस' होतो. दोन्हींमागे पोर्तुगीज शब्द आहे. मराठी बायबलमध्ये आणि नगरकडच्या प्रोटेस्टंट चर्चांमध्ये शब्द येतो 'वधस्तंभ'. मला हा दुसरा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. क्रूस दागिना होऊ शकतो, वधस्तंभ होऊ शकत नाही.

कारण ते वध करायचंच साधन होतं, तेही मुद्दाम सावकाश. रोमन साम्राज्यात ही शिक्षा गुलामांना, बंडखोरांना आणि साम्राज्याच्या नजरेत कवडीमोल असलेल्यांना होती. रोमन नागरिकाच्या वाट्याला ती सहसा येत नसे. ख्रिस्तपूर्व 71 मध्ये स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेनं सहा हजार माणसं खांबांवर चढवली गेली, अशी नोंद अप्पियन या इतिहासकारानं केली आहे. हेतू उघड होता : येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहावं आणि घाबरावं. येशूला ही शिक्षा देणारा पंतय पिलात इसवी सन 26 ते 36 या काळात यहूदियाचा रोमन सुभेदार होता.

म्हणून खांबावर मेलेल्या माणसाला देव मानणं हा त्या काळी चेष्टेचा विषय होता. रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवर 1857 मध्ये भिंतीवर ओरखडलेलं एक चित्र सापडलं. गाढवाचं डोकं असलेला माणूस क्रुसावर आहे, खाली एकजण हात वर करून उभा आहे, आणि शेजारी ग्रीकमध्ये लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. क्रुसावरच्या येशूच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी हे बहुधा एक, आणि ते टवाळीचं आहे. खुद्द ख्रिस्ती लोकांनी क्रुसावरचा येशू कोरायला बराच काळ घेतला. रोमच्या सांता सबीना चर्चच्या लाकडी दारावरचं पाचव्या शतकातलं शिल्प हे अगदी आरंभीचं. तोवर ती शिक्षा बंद झाली होती आणि ती डोळ्यांनी पाहिलेली माणसं उरली नव्हती. फाशीचा दोर रोज दिसत असताना त्याचं लॉकेट कोणी घालत नाही.

आणखी एक प्रसंग विसरला तर पुढचं सगळं चुकतं. अटकेच्या आदल्या घटकेला गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतो, की शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळू दे. त्याला वेदनेची आवड नाही. तो घाबरलेला आहे. टळली तर बरी, पण टाळण्यासाठी सोबत्यांना सोडून पळणार नाही, अशी ती भूमिका आहे.

पैसे कोणाला पोचले?

आता खरी अडचण. खंडणी भरली म्हणता, तर ती घेतली कोणी?

चौथ्या शतकातला धर्मशास्त्री, निस्सा गावचा ग्रेगरी, याचं उत्तर होतं : सैतानानं. माणूस पापानं त्याच्या ताब्यात गेला होता. देवानं येशूचा मानवी देह आमिष म्हणून पुढे केला, सैतानानं तो गिळला आणि आतल्या देवत्वाच्या गळाला अडकला. कोकणातल्या कोणालाही ही उपमा लगेच कळेल. पण त्याच काळातला दुसरा ग्रेगरी, नाझियान्झसचा, चिडला. दरोडेखोराला देवानं किंमत मोजायची, आणि किंमत म्हणून स्वतःलाच द्यायचं, हा कसला व्यवहार?

पुढे इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म यानं 1098 मध्ये पूर्ण केलेल्या पुस्तकात सैतानाला व्यवहारातून काढूनच टाकलं. त्याचा काळ सरंजामशाहीचा. तिथे अपमानाची भरपाई ज्याचा अपमान झाला त्याच्या पायरीवरून ठरायची. वाटसरूला शिवी दिली तर माफी मागून सुटाल, तीच भर दरबारात राजाला दिली तर? देवाचा अपमान अमर्याद, म्हणून भरपाईही अमर्याद. देणं माणसाचं, पण फेडण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून जो देवही आहे आणि माणूसही, त्यानंच ती फेडली.

आन्सेल्ममागून थोड्याच वर्षांनी पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या आबेलारनं सगळा हिशेबच वहीबाहेर काढला. त्याचं म्हणणं, बदल देवाच्या खात्यात व्हायचा नाही, आपल्यात व्हायचा आहे. कोणीतरी आपल्यासाठी जिवावर उदार होतं हे पाहून दगडासारखं मन हलतं, आणि हलवणं हेच त्या मरणाचं काम. मग सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या काळी, विशेषतः कायदा शिकलेल्या कॅल्व्हिनच्या हाती, चित्र कोर्टाचं झालं : शिक्षा आपल्याला व्हायची होती, ती येशूनं घेतली. आजही गावोगावच्या प्रवचनांत न्यायाधीशच खुर्चीवरून उतरून आरोपीचा दंड भरतो, अशी गोष्ट ऐकू येते.

गोष्ट हृद्य आहे, पण तिच्यात एक फट आहे. दंड दुसऱ्यानं भरला तर कोर्ट पावती देतं. तुरुंगवास मात्र दुसऱ्याला भोगता येत नाही, फाशी तर नाहीच. पैशाचं देणं हस्तांतरित होतं, दोष होत नाही. म्हणूनच निरपराध्याला मारून न्याय कसा होतो, हा आक्षेप या मांडणीला चिकटून राहिला आहे, आणि चर्चमधलेच लोक तो घेत आले आहेत.

माझ्या मते या मांडण्यांकडे एकेका काळाची आर्थिक आणि सामाजिक वही म्हणून पाहावं. गुलामांच्या बाजारात राहणाऱ्यांनी खंडणी पाहिली, सरंजामदारांनी मान पाहिला, वकिलांनी खटला पाहिला. मुळातल्या मतांगीकारात, म्हणजे सगळे मोठे पंथ म्हणतात त्या नायसीयाच्या विश्वासकथनात, येशू आमच्यासाठी आणि आमच्या तारणासाठी आला, एवढंच आहे. 'आमच्यासाठी' हा शब्द पक्का आहे. 'कसं' हे मोकळं सोडलं आहे.

*चौकट : शब्दांची ओळख*
*गोएल : अडकलेली जमीन किंवा माणूस सोडवण्याचं कर्तव्य असलेला जवळचा आप्त.*
*खंडणी : गुलाम किंवा कैदी सोडवण्यासाठी मोजलेली किंमत.*
*प्रायश्चित्त : आपल्याकडे बहुधा दोषी माणूस स्वतः करतो ते. ख्रिस्ती अर्थानं तुटलेलं नातं पुन्हा जुळणं, आणि पुढाकार ज्याचा अपमान झाला त्या देवाचा.*
*यज्ञ : जीव अर्पण करणं. वेदना ही त्यातली सोबत येणारी गोष्ट, देण्याची वस्तू नव्हे.*
*वल्हांडण : मिसरमधून सुटकेचा ज्यू सण. येशूचा मृत्यू याच सणाच्या दिवसांत झाला.*

गुडघेदुखीचं काय करायचं?

येशूचं झालं. पण माझी गुडघेदुखी, कोणाचा कर्करोग, कोणाचं अंथरुणाला खिळलेलं मूल, यातून कोणाचं काही तरतं का? इथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या वाटा वेगळ्या होतात.

प्रेषित पौलाच्या नावानं कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात एक विचित्र वाक्य आहे. ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं राहिलं ते मी माझ्या देहात भरून काढतोय, अशा अर्थाचं. प्रोटेस्टंट वाचक इथे दचकतो. येशूचा यज्ञ एकदाच आणि पूर्ण झाला, असं इब्री लोकांस पत्रात स्पष्ट आहे, मग उणं काय राहणार? त्याच्या मते दुःखात देव सोबत असतो, दुःखातून माणूस घडतोही, पण माझं दुःख दुसऱ्याच्या तारणात भर घालत नाही.

कॅथलिक उत्तर समजायला गावची पालखी डोळ्यांसमोर आणावी. पालखी उचलायला चार भोई पुरेसे असतात. तरी वेशीपासून देवळापर्यंत माणसं खांदा द्यायला धडपडतात, एका हाकेच्या अंतरापुरता का होईना. त्यांच्यावाचून पालखी अडली नव्हती, पण खांदा दिलेला माणूस बघ्या राहत नाही. दुःख ख्रिस्ताच्या दुःखाला जोडून कोणासाठी तरी अर्पण करणं म्हणजे असा खांदा देणं. म्हणून कॅथलिक घरांत आजारी माणसाला सांगतात, हे दुखणं अमक्यासाठी देवाला वाहा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी मानवी दुःखाच्या तारक अर्थावर एक सविस्तर पत्र प्रसिद्ध केलं. लिहिणारा माणूस या विषयाला परका नव्हता. 13 मे 1981 रोजी सेंट पीटर चौकात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि पत्र निघायच्या काही आठवडे आधी ते मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन भेटले होते. त्या पत्रात आवर्जून येते ती वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला उचलून नेणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट. म्हणजे स्वतःचं दुःख अर्पण करा, पण दुसऱ्याचं दुःख दिसलं तर ते दूर करायला धावा. या दोन गोष्टींतली दुसरी सुटली की पहिलीचं विष होतं.

आकडा दहाच राहिला

ही भाषा प्रत्यक्षात उतरते तेव्हा कशी दिसते, याचं विसाव्या शतकातलं एक उदाहरण पोलंडमधलं. 1941 च्या जुलैअखेर आउशवित्झच्या छळछावणीतून एक कैदी नाहीसा झाला. बदल्यात दहा जणांना उपाशी मारायचं ठरलं. निवड झालेल्यांत फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक नावाचा सैनिक होता. तो बायकोमुलांच्या आठवणीनं रडला. तेव्हा मॅक्सिमिलियन कोल्बे हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू रांगेतून पुढे आला आणि त्याच्या जागी मला घ्या म्हणाला. अधिकाऱ्यानं अदलाबदल मान्य केली. दोन आठवड्यांनंतरही कोल्बे जिवंत होता, म्हणून 14 ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्याला मारलं. 1982 मध्ये रोममध्ये त्याला संतपद देण्याच्या सोहळ्याला गायोव्हनिचेक हजर होता. तो 1995 पर्यंत जगला.

या घटनेचा हिशेब मांडून पाहा. छावणीचा आकडा दहाच राहिला. एकही मरण कमी झालं नाही. कोल्बेची भूक उरलेल्या नऊ जणांच्या भुकेहून वेगळी नव्हती, त्यांनाही तितकंच दुखलं असणार. त्या नऊ जणांच्या मरणाला कोणी तारक म्हणत नाही, तो निव्वळ खून होता. फरक वेदनेत नव्हता. फरक होता तो पाऊल कोणी टाकलं आणि कोणासाठी टाकलं यात. ख्रिस्ती विचारात ज्याला तारक दुःख म्हणतात ते इथे हाताला लागतं. तारक आहे ती दुसऱ्यासाठी स्वतःहून दिलेली जागा. दुःख ही त्या जागेची किंमत, आणि ती वसूल करणारा जुलमी असतो, देव नाही.

गायोव्हनिचेकची दोन्ही मुलं मात्र युद्ध संपता संपता बॉम्बहल्ल्यात मारली गेली. ज्यांच्यासाठी तो रडला होता त्यांतली फक्त बायको त्याला परत भेटली. अशा कथांना नीटस शेवट जोडण्याचा मोह आवरलेला बरा.

सोसा म्हणणारे

हा सगळा विचार धोकादायक आहे, हेही सांगायला हवं. 'तुझा क्रूस तू वाहा' हे वाक्य मार खाणाऱ्या बायकोला सांगितलं गेलं आहे. मळ्यात राबणाऱ्या गुलामाला मालकाच्याच पैशानं आलेल्या पाद्र्यानं सांगितलं आहे. जर्मन धर्मशास्त्री डोरोथी झ्योले हिनं 1973 च्या आपल्या 'दुःख' या पुस्तकात अशा धर्मविचारावर घणाघात केला : माणसाच्या छळातून आपला हेतू साधणारा देव हा छळणाऱ्याचाच देव. जेम्स कोन या कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मशास्त्र्यानं 2011 मध्ये क्रूस आणि झाडाला लटकवून मारलेले काळे लोक यांना शेजारी ठेवून विचारलं, की गोऱ्या चर्चला यातलं साम्य दिसलं कसं नाही?

आपल्याकडे या प्रश्नाचं सर्वांत स्पष्ट उत्तर एका बाईनं पुस्तकापेक्षा कृतीतून दिलं. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात अन्नावाचून गेले. तेविशीत त्या स्वतः विधवा झाल्या. विधवेचं दुःख हे तिच्याच पूर्वजन्मीच्या पापाचं फळ, आणि ते निमूट भोगणं हेच तिचं प्रायश्चित्त, अशी त्या काळची पक्की समजूत. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या जोगिणींकडे त्या राहिल्या. त्या जोगिणी समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रमात मायेनं सांभाळत होत्या, हे पाहून आपण हललो, असं रमाबाईंनी नंतर सांगितलं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदासदन निघालं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि तिथल्या निराधार मुलींना, बालविधवांना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. त्या जागेचं नाव त्यांनी ठेवलं 'मुक्ती'.

हे नाव गोएलच्या अर्थानं वाचून पाहा. केडगावला आलेल्या मुलीला कोणी म्हणालं नाही की तुझं दुःख पवित्र आहे, ते जपून ठेव. तिला जेवण मिळालं, अक्षरं मिळाली, हाताला काम मिळालं. किंमत मोजायची होती ती सोडवायला आलेल्यानं, अडकलेलीनं नव्हे. लोकनिंदा, आप्तांचा दुरावा, पदरमोड हे सगळं रमाबाईंच्या खात्यावर पडलं. त्यांच्या धर्मांतरावर त्या काळी मोठा वाद झाला आणि आजही होतो. तो वाद चालू राहिला तरी वाक्याची दिशा मात्र या कामानं कायमची लख्ख करून ठेवली. 'मी तुझ्यासाठी सोसतो' हे म्हणायचा हक्क सोसणाऱ्यालाच आहे. दुसऱ्याला 'तू सोस' म्हणणारा गोएल नसतो, रूथच्या गोष्टीतला तो मागे सरलेला नातेवाईक असतो.

शुक्रवार ते रविवार

मराठीत ही कथा पहिल्यांदा सविस्तर सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं, गोव्यात. 1616 मध्ये रायतूरला छापलेल्या ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराणा'त त्यानं स्वर्गाला वैकुंठ म्हटलं आणि क्रुसाचं मरण पुराणाच्या घाटात बसवलं. त्याच गोव्यात उत्तम शुक्रवारी आजही जे होतं, ते शब्दांपेक्षा स्वच्छ बोलतं.

गुरुवारच्या रात्रीपासून चर्चची घंटा मुकी असते. वेदीवरची वस्त्रं काढून तिला उघडी केलेली असते. एरवी रोज होणारी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, शुक्रवारी जगात कुठेच होत नाही. घंटेऐवजी लाकडी खटखट वाजते, कोरडी, जत्रेतल्या खेळण्यासारखी. कितीतरी चर्चांमध्ये क्रुसावरच्या येशूची मूर्ती अशी घडवलेली असते की खांदे दुमडतात. खिळे काढले की हात खाली येतात, प्रेत उतरवल्यासारखे. ती मूर्ती तिरडीवर ठेवतात आणि गावातली माणसं आळीपाळीनं खांदा देत तिला मिरवणुकीनं नेतात. मागून काळ्या वस्त्रातली दुःखी मरियेची मूर्ती येते. लोक फारसं बोलत नाहीत.

शनिवारी रात्री चर्चबाहेर शेकोटी पेटते, तिच्यावर मोठी मेणबत्ती लावतात, घंटा पुन्हा वाजतात. रविवारी, येशू मरणातून उठला त्या दिवशी, पुनरुत्थित येशूची मूर्ती पुढे असते, हात उंचावलेला, चेहरा टवटवीत. शुभवर्तमानात, येशू उठला यावर विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याला जे दाखवलं गेलं, ते रंगाऱ्यानं इथेही पुसलेलं नसतं. दोन्ही तळव्यांवर खिळ्यांची भोकं लाल रंगानं तशीच ठेवलेली असतात.